इंग्लंडमधील पॅरिश-वह्या व कुलशोध

कुलवृत्तांत लिहिणारास आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा मोठा आधार असतो. त्या वह्या घराण्यावार असतात; एक नाव सापडले की मागील पिढ्या ओघानेच हाती येतात. इंग्लंडमधील पॅरिश चर्चच्या नोंदवह्या याहून निराळ्या. त्या तारीखवार आहेत. बाप्तिस्मा, विवाह व दफन हे संस्कार तेवढे त्यांत नोंदलेले असतात. कूळ शोधकानेच जुळवावयाचे असते, आणि खरा धोका या जुळवणीत आहे.

इ. स. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने अशी वही ठेवावी असा हुकूम काढला. पुढे १५९८ मध्ये जुन्या वह्यांच्या चर्मपत्रावर नकला करण्याची आज्ञा झाली. स्ट्रॅटफर्डच्या वहीतील शेक्सपिअरची नोंद अशा नकलेतीलच होय. तीत २६ एप्रिल १५६४ ही तारीख आहे, पण ती बाप्तिस्म्याची. आपण वर्गात २३ एप्रिल हा जन्मदिवस म्हणून सांगतो, त्यास या वहीचा आधार नाही.

कालगणनेचा घोटाळा याहून नाजूक. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्षारंभ २५ मार्चला होत असे. समजा, एका जोडप्याचा विवाह एप्रिल १७२० मध्ये व त्यांच्या अपत्याचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये नोंदलेला आहे. घाईचा वाचक त्या घरास कलंक लावून मोकळा होईल. वस्तुतः विवाहास दहा महिने झालेले असतात. तसेच, मूल दगावल्यास पुढील मुलास तेच नाव देण्याची रीत होती. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद मिळताच दफनाची पाने चाळावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एरवी सारी वंशवेल एका मृत बालकावर चढविली जाते.

१७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता. निर्धनांस तो माफ असे. त्या वर्षांत कोणाच्या नावापुढे निर्धन असा शेरा दिसला, तर तो जरा सावधपणेच वाचावा!

१७५४ पासून विवाहाच्या वहीत वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या येऊ लागल्या. निरक्षरांची फुलीही तेथे आहे. क्वेकर व ज्यू वगळता सर्वांस चर्चमध्येच विवाह करणे भाग असल्याने अन्य पंथीयांचा मागही तेथे लागतो. १८१३ पासून छापील तक्ते आले व बाप्तिस्म्याच्या नोंदीत पित्याचा धंदा आणि दफनाच्या नोंदीत मृताचे वय मिळू लागले. १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वीचे पान फाटके वा अवाच्य निघाल्यास बिशपकडे दरवर्षी पाठविलेली नक्कल पाहावी. पुष्कळदा ती शाबूत असते.