मेंढ्याच्या रानातला मोह

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यानं सुमारे ३० किलोमीटर गेलं की मेंढा लागतं. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे त्याला मेंढा-लेखाच म्हणतात. शंभरेक घरांचं हे गोंडांचं गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. इथले निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. हे पाहायला लांबून माणसं येतात. त्यांनी मार्च सरता सरता यावं, असं मला मनापासून वाटतं, कारण तेव्हा मोह फुललेला असतो.

मोहाची पानं झडलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना मळकट पांढऱ्या, गुबगुबीत फुलांचे घोस लागतात. फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. म्हणून उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाड गाठावं लागतं. अस्वलालाही हीच वेळ आवडते. एकट्यानं जाणं जिवावरचं. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय आहे आणि त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ राहतं, रानही वाचतं. मग अंगणात दोन-चार उन्हं दिली की फूल मनुक्यासारखं तांबूस, चिकट होतं. त्यात निम्म्याहून अधिक साखरच असते.

उन्हात वाळवण्यावरून आठवतं, इटलीत सिसिलीजवळ पान्तेलेरिया नावाचं बेट आहे. तिथं वाऱ्यापासून जपायला झिबिब्बो द्राक्षाचा ठेंगणा वेल खळग्यात लावतात, द्राक्षं उन्हात वाळवतात आणि त्यांची पासितो ही गोड वाइन करतात. या लागवडीला युनेस्कोनं २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाटलीवर बेटाचं नाव असतं. गडचिरोलीच्या मोहाला असं नाव का मिळू नये?

बाटलीचा, म्हणजे मोहाच्या दारूचा, रस्ता मात्र इथं नको. जिल्ह्यातली दारूबंदी १९९३ मध्ये लोकांच्या, विशेषतः बायांच्या, चळवळीतून आली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. देवापुढे वाहायच्या मोहाच्या थेंबाचा मान वेगळा आणि घर बुडवणारं व्यसन वेगळं. २०२१ मध्येच राज्यानं मोहफुलाच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. आता लाडू, काकवीसारखा पाक, लोणचं यांना गावाच्या नावासह बाजार मिळायला हवा, आणि भाव ग्रामसभेनं ठरवायला हवा. फूल सस्त्यात विकून पावसाळ्यात तेच महाग घ्यायची पाळी गोळा करणाऱ्यांवर येऊ नये.

जाण्याआधी ग्रामसभेला कळवा, परवानगीशिवाय रानात शिरू नका. जूनच्या सुमारास गेलात तर फुलं संपलेली असतील. तेव्हा टोळी, म्हणजे मोहाची फळं, वेचणं आणि बियांचं तेल काढणं चालतं.