हिर्टाची गावकी

बेटावरची माणसं : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण शेटलंडला होतो. तिथून नैर्ऋत्येला, हेब्रिडीज बेटंही मागे टाकून अटलांटिकमध्ये आणखी सुमारे ६४ किलोमीटर गेलं की सेंट किल्डा लागतं. नावात संत असला तरी किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही. या द्वीपसमूहातलं वस्तीचं बेट म्हणजे हिर्टा. इथली माणसं गेलिक बोलत.

रविवार सोडून रोज सकाळी गावातले पुरुष तिथल्या एकुलत्या रस्त्यावर जमत. कुणी अध्यक्ष नाही, बोलायचा क्रम नाही. आज कड्यावर जायचं, मेंढ्या आणायच्या की होडी दुरुस्त करायची, हे एकमताने ठरायचं. कधी बोलण्यातच दिवस मावळे. बाहेरून आलेल्यांनी या बैठकीला ‘पार्लमेंट’ म्हटलं. मला आपला ‘गावकी’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण तिथे नुसती चर्चा नव्हती, प्रत्येकाचा वाटाही तिथेच ठरे.

वाटा बहुतेक पक्ष्यांचा. भोवती समुद्र असूनही या माणसांची खरी भिस्त गॅनेट, पफिन आणि फल्मार या पक्ष्यांवर होती. कोनाखेर या डोंगराचा कडा चारशे मीटरहून उंच. ऑगस्टमध्ये गडी कमरेला दोर बांधून अनवाणी पायांनी तो उतरत. फल्मारचं पिल्लू जवळ आलेल्यावर पोटातलं तेल थुंकतं, आणि तेच तेल तर हवं असतं. म्हणून त्याला थुंकायची उसंत न देता मान पिरगाळायची. तेल दिव्याला आणि औषधाला, मांस हिवाळ्याच्या बेगमीला. पिसं जात खंडापोटी: बेटाचे मालक मॅकलाउड, आणि त्यांचा कारभारी वर्षातून एकदा वसुलीला येई.

मारलेले पक्षी एका ढिगात पडत आणि घरटी वाटले जात. ज्या घरात कडा उतरायला पुरुष नाही, त्या विधवेच्या दारातही वाटा पोचे. मग ते क्लेटमध्ये जात. क्लेट म्हणजे चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून बांधलेली, वर गवताळ मातीचं छप्पर असलेली कोठी. भिंतींच्या फटींतून वारा खेळतो, पाऊस मात्र आत येत नाही. एकट्या हिर्टावर अशा बाराशेहून अधिक कोठ्या आहेत.

टपालाची सोय त्यांनी वाऱ्यावर सोपवली होती. १८७७च्या हिवाळ्यात जॉन सँड्स हा पत्रकार बेटावर अडकला. त्याने जहाजाच्या जीवरक्षक कड्याला बाटली बांधून त्यात मदतीचं पत्र पाठवलं, आणि ते नऊ दिवसांनी ऑर्कनीला लागलं. पुढे बेटकऱ्यांनी होडीसारखं लाकूड कोरून त्यात पत्राचा डबा बसवला आणि तरंगायला मेंढीचा मूत्राशय फुगवून बांधला. वायव्येचा वारा सुटला की हे टपाल पाण्यात सोडायचं. बरीचशी पत्रं स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागत, काही थेट नॉर्वेला.

या गावकीला माणसं कमी पडत गेली. १८५२मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. एकोणिसाव्या शतकात नवजात बाळांच्या धनुर्वाताने पाळणे रिकामे केले. पहिल्या महायुद्धानंतर तरुण जाऊ लागले. होडी वल्हवायला आणि दोर धरायला पुरेसे हात नसतील तर उरलेल्यांनी काय करायचं? १० मे १९३० रोजी वीस जणांनी सह्या करून सरकारकडे विनंती केली: आम्हाला इथून न्या.

२९ ऑगस्टला ‘हेअरबेल’ हे नौदलाचं जहाज उरलेल्या ३६ जणांना घेऊन निघालं. निघताना घराघरात उघडं बायबल आणि ओटचे मूठभर दाणे ठेवले होते. हिर्टावर एकही झाड नव्हतं. सरकारने बहुतेकांना मॉर्व्हर्नमध्ये वनखात्याचं काम दिलं. तिथे त्यांना मिळालेली घरं एकमेकांपासून लांब लांब होती. सकाळी जमायला तो एक रस्ता उरला नव्हता.