पणजोबा कोणत्या बोटीवर होते?

"आमचे पणजोबा बोटीवर होते." कोकणातल्या कितीतरी घरांत एवढीच आठवण उरली आहे. पण बोट कोणती, हे शोधून पाहता येतं.

ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या पुढाकाराने ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या १९१५ सालच्या खलाशी-याद्या इंटरनेटवर मोफत पाहता येतात. सगळेच सापडतील असं नाही, पण नाव, वय, गाव, हुद्दा, आधीचं जहाज अशा नोंदी त्यांत आहेत. आडनावावर मात्र विसंबू नका. आपल्या खलाशांची नोंद बऱ्याचदा आडनावाशिवाय होई, आणि नाव कारकुनाला जसं ऐकू येई तसं लिहिलं जाई. हुद्द्यातला 'भंडारी' म्हणजे स्वयंपाकी, जात नव्हे. 'सारंग' म्हणजे खलाशांचा मुकादम.

पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या २,०००हून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत आहे. त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

तेव्हा या रविवारी गावी फोन लावाल, तर आजीला दोन गोष्टी नक्की विचारा: पणजोबांच्या वडिलांचं नाव काय आणि आपली मूळ वाडी कोणती? ट्रंकेत जुनी सीडीसी आहे का, तेही बघायला सांगा. लिहून ठेवा, पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. भेटू पुढच्या भागात!