चार फेकींत छापा किती वेळा?

रुपयाचं नाणं चार वेळा उडवलं, तर बरोबर दोनदा छापा पडण्याची संभाव्यता किती? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतले बहुतेक जण 'निम्मी' म्हणाले. ती निम्म्याहून बरीच कमी आहे, आणि ते पटवून घ्यायला कागद-पेन्सिल पुरते.

आधी दोनच फेकी घेऊ. पहिल्या फेकीत छापा किंवा काटा. त्यानंतर काहीही पडलं असलं तरी दुसऱ्या फेकीत पुन्हा तेच दोन. म्हणजे निष्पत्ती चार: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारही समसंभाव्य. निदान एकदा छापा यांपैकी तिघींत आहे, म्हणून उत्तर ३/४.

सोपं वाटतं ना? पण झाँ द'अलाँबेर यांच्यासारखा मोठा फ्रेंच गणिती इथेच अडखळला. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात त्यांनी लिहिलं की, पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक हवीच कशाला? मग प्रकार उरतात तीन: छापा, काटा-छापा, काटा-काटा. म्हणून उत्तर २/३. प्रकार तीन हे खरं, पण ते सारखे नाहीत. एकटा 'छापा' निम्म्या वेळा येतो, उरलेले दोन पाव-पाव वेळा. निम्मे आणि पाव मिळून पुन्हा पाऊणच. प्रकार मोजण्याआधी ते सारख्याच वेळा घडतात का, हे पाहावंच लागतं. या विषयातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

आता चार फेकी. दर फेकीला निष्पत्ती दुप्पट होतात: २, ४, ८, १६. दोन छाप्यांसाठी चारांतल्या दोन जागा निवडायच्या: पहिली-दुसरी, पहिली-तिसरी, पहिली-चौथी, दुसरी-तिसरी, दुसरी-चौथी, तिसरी-चौथी. सहा. म्हणजे ६/१६, साडेसदतीस टक्के. उलट एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा निष्पत्ती ४ + ४ = ८. निम्मी संभाव्यता आहे ती या असमान वाटणीची!

शून्य ते चार छाप्यांची मोजणी अशी येते: १, ४, ६, ४, १. शाळेत वृत्तांचे लघु-गुरू मांडले असतील, तर चार अक्षरांत दोन गुरू किती प्रकारे बसतात ते करून पाहा, तिथेही सहाच. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना दहाव्या शतकात हलायुधाने हाच 'मेरुप्रस्तार' उलगडून दाखवला. कडेला एक-एक, आत प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज. दहा फेकींच्या ओळीत मधला आकडा २५२ येतो आणि एकूण निष्पत्ती १०२४. पाच-पाच अशी बरोबर वाटणी जेमतेम चौथ्या हिश्श्याची.

आणि ओळीने चार छापे पडले, तर 'आता काटाच येणार' असं म्हणू नका. पाच छापे ओळीने येण्याची संभाव्यता १/३२. चार छाप्यांनंतर काटा, याचीही १/३२.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं १०,००० वेळा उडवून प्रत्येक फेक नोंदवली. छापे पडले ५,०६७. बरोबर ५,००० पडण्याची संभाव्यता एक टक्क्याहूनही कमी होती.