द्राक्षबागेच्या दारी

दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने १३२७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी थाटली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. पुढे तेथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने, या शहरी द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने झाडून निद्रिस्त होते. दख्खनच्या उबेत तिला तशी झोप नाही. म्हणून येथील शेतकरी वेलीची छाटणी दोनदा करतो. उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. पीक मात्र तो एकच घेतो. युरोपात द्राक्षांची तोडणी शरदात होते, तर नाशकात ती साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते.

नेमक्या याच दिवसांत दिल्लीतील कितीतरी मराठी कुटुंबे गावाकडे निघतात. मनमाडवरून जाणाऱ्या गाडीने आल्यास नाशिक रोड वाटेवरच लागते. पंचवटी, त्र्यंबकेश्वर झाले की एक दुपार गंगापूर धरणाच्या बाजूस काढावी. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस ‘सुला’ने येथे वाइन काढण्यास आरंभ केला आणि तिच्यामागून अनेक वायनरी उभ्या राहिल्या. मोठ्या ठिकाणी गर्दी, उपाहारगृह, छायाचित्रे यांतच वेळ जातो. प्रवाशाने एखादी लहान, घरगुती वायनरी शोधावी, हे उत्तम. तेथे माहिती सांगणारा मनुष्य पुष्कळदा त्याच बागेत राबणारा असतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. खायची द्राक्षे मांडवावर टपोरी वाढवितात; वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची, आणि ती बहुधा तारांवर उभी चढविलेली असतात. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढराच असतो. तो सालींसह आंबविला तर तांबडी वाइन होते; साली आधी वेगळ्या केल्या तर रंग उतरत नाही. पोलादी टाक्यांभोवती थंड पाणी खेळविलेले असते, कारण आंबताना रस तापतो आणि तापला की सुगंध उडून जातो. येथे ऊर्ध्वपातन नाही, भट्टी नाही. द्राक्षासव ज्यांच्या घरी औषध म्हणून आले आहे, त्यांना ही आंबविण्याची क्रिया परकी वाटू नये. अर्थात म्हणून वाइन हे औषध ठरत नाही. तिच्यात शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क असतो, आणि न पिणाऱ्यानेही नुसता कारखाना पाहून परतण्यात काही उणे नाही.

लहान वायनरीची खरी कहाणी टाकीपेक्षा हिशेबाच्या वहीत आहे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर येथे वाइन पार्क झाला. शेतकऱ्यांनी उत्साहाने वाइनच्या जातींची लागवड केली. मग २००८ ची जागतिक मंदी आली. माल टाक्यांत पडून राहिला, कित्येक वायनरी बंद पडल्या, आणि ज्या द्राक्षाला बाजारात खाणारा नाही ते घेऊन शेतकऱ्याने जावे कोठे? अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. थॉमसन जातीचे द्राक्ष निदान बेदाण्याला तरी जाते. शिराजला वायनरीवाचून गती नाही. दुकानदार व वितरक यांचा वाटा वजा जाता लहान उत्पादकाच्या हाती फार थोडे उरते. दारी आलेल्या प्रवाशाने घेतलेल्या बाटलीचे मोल त्याला म्हणूनच अधिक.

या व्यवसायाविषयी महाराष्ट्राचे मन एक नाही. दारूबंदीचा १९४९ चा कायदा याच भूमीतला. मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढे वादळ उठले! ज्या घरात व्यसनाने संसार मोडला आहे, तेथे आसव आणि दारू यांतील भेद समजावीत बसणे निष्ठुरपणाचे होय. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. शेतकऱ्याच्या तोडलेल्या बागाही तितक्याच खऱ्या आहेत.

जाण्यापूर्वी दूरध्वनीने वेळ ठरवावी. २६ जानेवारीस मद्यविक्री बंद असते, हे सुटी साधून येणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. चव पाहताना घोट गिळलाच पाहिजे असे नाही. तो टाकण्यासाठी भांडे मागावे, त्यात कोणी अपमान मानीत नाही. बाटली दिल्लीस न्यायची तर मद्य बाळगण्याचे व वाहून नेण्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. ते राज्याराज्यांत निराळे आहेत. आणि परतीचे तिकीट सुरत-बडोद्यावरून जाणाऱ्या गाडीचे असेल, तर बाटली न घेणेच बरे. गुजरातेत दारूबंदी आहे.