दुधाच्या दातांतील खोल कीड व तिचे उपचार

दुधाचे दात पडावयाचेच असतात, मग त्यांच्या किडीची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न पालकसभेत हटकून विचारला जातो. ह्या प्रश्नात तर्क आहे. परंतु तो अपुरा आहे. दुधाचे दात एकूण २०. मूल सुमारे ६ महिन्यांचे झाले म्हणजे ते येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास पुरे होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. तथापि दुधाच्या दाढा ९ ते १२ वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. म्हणजेच इयत्ता दुसरीतील मुलाची दाढ किडली, तर त्या दाढेचे तीन-चार वर्षांचे काम अद्याप शिल्लक असते. यास्तव ही कीड म्हणजे काय व तिच्यावर कोणते उपाय आहेत, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कीड आत कशी उतरते

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दातात अळी अथवा किडा नसतो. काही ठिकाणी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे’ पाडून दाखवितात. त्या प्रकारास काहीही आधार नाही. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर, गूळ, गोळ्या, बिस्किटे ह्यांच्या चिकटून राहिलेल्या अंशांपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजविते. हीच कीड होय.

दाताचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. बाहेर पांढरे कठीण कवच, त्याच्या आत किंचित पिवळसर असा मऊ थर, आणि अगदी आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गर. ह्या गरास दंतमज्जा म्हणतात. दुधाच्या दातांत बाहेरचे दोन्ही थर कायमच्या दातांपेक्षा पातळ असतात आणि मज्जेची पोकळी त्या मानाने मोठी असते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दाढेत ज्या किडीस मज्जेपर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागतो, तीच मुलाच्या दाढेत फार लवकर आत उतरते.

दुखणे थांबले म्हणजे बरे झाले काय?

कीड वरच्या थरात असते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. ती मज्जेजवळ आली म्हणजे गार पाणी अथवा गोड पदार्थ लागताच कळ येते, पण ती क्षणात थांबते. मज्जेलाच सूज आली म्हणजे दात आपोआप ठणकू लागतो. रात्री मूल झोपेतून उठून रडते. पुढे काही दिवसांनी हा ठणका अकस्मात थांबतो आणि घरची माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात. येथेच मोठी फसगत होते. पुष्कळदा ठणका थांबण्याचे कारण दात बरा झाला हे नसून आतील मज्जा मृत झाली हे असते. जंतूंचा प्रवास मात्र थांबलेला नसतो. ते मुळाच्या वाटेने हाडात उतरतात, तेथे पू धरतो आणि हिरडीवर पुळी दिसू लागते. पुळी फुटून पू वाहू लागला म्हणजे दुखत नाही. परंतु रोग जागच्या जागीच असतो.

दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. पू दीर्घ काळ तेथे राहिला तर त्या अंकुराच्या कवचास इजा होऊन पुढे येणारा दात डागाळलेला अथवा खडबडीत निघू शकतो. पडणाऱ्या दाताची हेळसांड आयुष्यभराच्या दातास भोवते, ती अशी.

उपचाराच्या पायऱ्या

दंतवैद्य प्रथम दात तपासून व क्ष-किरण चित्र घेऊन कीड किती खोल गेली आहे हे ठरवितात. उपचार त्यावर अवलंबून असतो.

मज्जा निरोगी असून कीड तिच्या जवळ आली असेल, तर अगदी खोलचा थोडा भाग न उकरता त्यावर औषध घालून दात घट्ट बंद करतात. जंतूंचे अन्न तुटते व कीड पुढे सरकत नाही.

कीड काढताना मज्जा उघडी पडली, पण मुळांतील मज्जा निरोगी असली, तर दाताच्या माथ्यातील मज्जा तेवढी काढून टाकतात. ओल्या कापसाच्या बोळ्याने दाबल्यावर काही मिनिटांत रक्त थांबले, तर खालची मज्जा जगण्याजोगी आहे असे समजतात व तिच्यावर औषध बसवितात. ह्या कामी पूर्वी फॉर्मोक्रेसॉल हे औषध पुष्कळ वापरले जाई. त्यात फॉर्माल्डिहाइड असल्यामुळे आता एम.टी.ए. नावाच्या सिमेंटसारख्या द्रव्यास अधिक पसंती दिली जाते.

मुळांतील मज्जाही मृत झाली असेल, तर मुळांच्या नलिका पूर्णपणे साफ करून धुतात व त्यांत औषधी लेप भरतात. मोठ्या माणसांच्या दातांत भरतात ते रबरासारखे द्रव्य येथे चालत नाही. कायमचा दात वर येऊ लागला म्हणजे दुधाच्या दाताची मुळे विरघळतात. त्यांच्याबरोबर आतील लेपही विरघळला पाहिजे. म्हणून झिंक ऑक्साइड व युजेनॉल, किंवा आयोडोफॉर्म व कॅल्शियम हायड्रॉक्साइड ह्यांचे लेप वापरतात.

असा दात ठिसूळ झालेला असतो. म्हणून दाढेवर बहुधा पोलादी टोपी बसवितात. ही टोपी दाढ पडेल तेव्हा तिच्याबरोबरच निघून येते. हे सर्व उपचार भूल देऊन करावयाचे असल्याने मुलास भीती घालण्याचे कारण नाही. “गडबड केलीस तर डॉक्टर दात उपटतील,” असा धाक घरी कधीही घालू नये.

दात काढावा लागल्यास

मुळे फार विरघळली असतील, दात हलत असेल, किंवा हाडाचा बराच नाश झाला असेल, तर दात काढणे हेच हिताचे. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलाच्या बाबतीत ती गोष्ट दंतवैद्यास प्रथमच सांगावी. कारण दातातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचण्याचा धोका अशा मुलास अधिक असतो.

दुधाची दाढ वेळेपूर्वी काढल्यास मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा बळकावते. मग तो दात वाकडा येतो किंवा अडकून राहतो. हे टाळण्यासाठी जागा राखणारी तारेची कडी बसवितात. ती बसवावी की नाही, हे दात काढतानाच विचारून घ्यावे.

औषधे व धोक्याची लक्षणे

जंतुनाशक गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरते. पण जंतूंचे घर दातातच असल्यामुळे दाताचा उपचार केल्यावाचून रोग जात नाही. अशा गोळ्या ताप अथवा पसरणारी सूज असेल तेव्हाच, वैद्याच्या सल्ल्याने व सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्याव्यात. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नये. तिने हिरडी भाजते. मुलास मशेरी तर कदापि लावू देऊ नये. ती तंबाखूच होय.

गालावरची सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली मानेकडे पसरणे, तोंड न उघडणे, गिळण्यास अथवा श्वासास त्रास होणे, ताप येऊन मूल मलूल पडणे, ह्यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मुलास रुग्णालयात न्यावे. असा विकार क्वचित प्राणावरही बेततो.

शिक्षकांचे काम

शिक्षकाने दंतवैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. त्याने पाहावे व वेळीच सांगावे एवढेच. मधल्या सुट्टीत एका बाजूने चावणारे, भाकरी पाण्यात बुडवून खाणारे, गालावर हात धरून बसणारे किंवा वर्गात पेंगणारे मूल नजरेतून सुटू नये. पुष्कळदा अशा मुलास आळशी ठरविले जाते. वास्तविक ते रात्रभर जागलेले असते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांचे विकार समाविष्ट आहेत. तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत व पुढे पाठविलेले मूल प्रत्यक्ष रुग्णालयात गेले की नाही, ह्याची पालकांकडे चौकशी करावी. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही मुलांच्या दातांवर उपचार होतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती कोणताही दात न पडता येते. त्यामुळे पालक तिला दुधाची दाढ समजतात. ती कायमची असते, हे पहिलीच्या पालकसभेत आवर्जून सांगावे. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. ३ ते ६ वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने ब्रश स्वतः फिरवावा. पडणाऱ्या दातांची ही निगा म्हणजे येणाऱ्या दातांची पूर्वतयारी होय.