आवाज कुठे अडला?

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेण सोडते, कासू आणि नागोठणे घेते आणि रोहा येण्यापूर्वी एकदा थांबते. ते स्टेशन निडी. मुंबईच्या माणसाच्या हिशेबी हे काही फार लांबचे ठिकाण नव्हे. पण लॅपटॉपला लावलेला हेडफोन अचानक मुका झाला की निडी एकदम फार दूर जाते. जाणकार दुरुस्तीवाला गाठायचा म्हणजे रोहा, नाहीतर पेण. तेथे जाण्यात अर्धा दिवस मोडायचा आणि दुकानदाराने पिन नुसती दाबून बसवली, आवाज सुरू झाला, असे व्हायचे!

हेडफोनचे दुखणे २०२० पूर्वी चैनीचे होते. गाणे ऐकू आले नाही तर नाही. त्या वर्षीच्या टाळेबंदीत मात्र शाळा घरात आली, कचेरीही घरात आली. मुंबई-पुण्याची मुले लॅपटॉप काखेत मारून कोकणातल्या घरी परतली. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि गावेच्या गावे अंधारात गेली. वीज परत आली, टाळेबंदी उठली, पण घरातून काम करण्याची आणि मुलाखती देण्याची रीत पुष्कळ अंशी टिकून राहिली.

तेव्हा अशी कल्पना करा, की निडीच्या एका घरात मुलीची पुण्याच्या कंपनीसाठी अकरा वाजता मुलाखत आहे. पावणेअकरा झाले आहेत. हेडफोनमधून ब्र निघत नाही. आई म्हणते, "अगं, एकदा बंद करून चालू कर." बाबा म्हणतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं, चांगल्यातला घे." धाकटा भाऊ "ताई, सरक, मी बघतो," म्हणून एका दमात दहा बटणे दाबतो. तिघांचाही हेतू चांगला. पण घात होतो तो भावाच्या पद्धतीने. दहा गोष्टी एकदम बदलल्या की आवाज आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि न आला तर मूळच्या एका बिघाडात भावाने केलेल्या नऊ बिघाडांची भर पडते.

पहिले काम अगदी साधे आहे. हाच हेडफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहावा, आणि दुसरा हेडफोन या लॅपटॉपला. हल्लीच्या पुष्कळ मोबाईलना पिनेचे भोकच नसते. मग घरातला जुना फोन किंवा शेजाऱ्यांचा लॅपटॉप शोधावा. हेडफोन दुसरीकडे बोलला तर तो निर्दोष. दुसरा हेडफोनही येथे गप्प राहिला तर दोष लॅपटॉपात, किंवा त्याला दिलेल्या हुकमात. या दोन मिनिटांच्या परीक्षेने निम्मा प्रश्न सुटतो, आणि नेमकी हीच परीक्षा कोणी करत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की मुक्या ठरवलेल्या हेडफोनांपैकी बरेच मुके नसतातच. आवाज दुसऱ्या वाटेने गेलेला असतो. लॅपटॉपला बाहेर पडायच्या वाटा अनेक आहेत. त्याच्या अंगचे स्पीकर, पिनेचे भोक, ब्लूटूथ, आणि तारेने टीव्ही जोडला असेल तर टीव्हीही. भावाने काल रात्री आपले बिनतारी इअरफोन जोडून सिनेमा पाहिला असेल, तर आज ताईचा आवाज त्याच्या खिशात गुणगुणत असण्याचा पूर्ण संभव आहे. विंडोजच्या पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात स्पीकरचे चित्र असते. त्यावर टिचकी मारून आवाज कोणत्या नावाकडे चालला आहे ते पाहावे व यादीतून हेडफोन निवडावा. एवढे करूनही मुलाखतीच्या खिडकीत शांतता असेल तर त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंग्ज उघडाव्यात. झूम किंवा टीम्स आपला स्पीकर आणि मायक्रोफोन स्वतंत्रपणे निवडून ठेवतात. घरधन्याने हुकूम बदलला तरी हे नोकर जुन्याच हुकमावर चालतात. आणि हो, हेडफोनच्या तारेवर आवाज कमी-जास्त करायचे लहानसे चाक असेल तर तेही पाहावे. पुष्कळांचा शोध तेथेच संपतो.

आता पिनेकडे वळू. ही वस्तू दिसते त्यापेक्षा पुष्कळ जुन्या घराण्यातली आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. पुढे हाताने जोडणी करायच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसे आणि समोरच्या फळीवरच्या भोकांत दोरीची पिन खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देई. त्या जाड पिनेचे धाकटे भावंड म्हणजे आपली साडेतीन मिलिमीटरची पिन. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर ती घरोघर गेली आणि सोनीचा वॉकमन १९७९ साली निघाला तेव्हा तरुण पोरांच्या कमरेला पोहोचली.

पिनेवर काळी वर्तुळे असतात ती शोभेसाठी नव्हेत. ती धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवतात. दोन वर्तुळे म्हणजे तीन भाग: टोक डाव्या कानाचे, मधला भाग उजव्या कानाचा, आणि बुडचा भाग दोघांच्या परतीच्या वाटेचा. तीन वर्तुळे असली तर चौथा भाग मायक्रोफोनचा. जुन्या लॅपटॉपना ऐकण्याचे आणि बोलण्याचे अशी दोन भोके असत. त्यांत चार भागांची पिन घातली तर ऐकू येते, पण आपले बोलणे पलीकडे जात नाही. येथे हेडफोन फेकून देण्याचे कारण नाही. एका पिनेच्या दोन पिना करणारी आखूड तार बाजारात स्वस्तात मिळते.

सर्वांत गमतीचा बिघाड पिन अर्धवट बसली म्हणजे होतो. गाण्यातली सतार ऐकू येते, तबला येतो, गाणारी मात्र बेपत्ता! लोक याला भुताटकी समजतात. कारण मात्र सरळ आहे. परतीची वाट तुटली की वीज डाव्या कानातून उजव्या कानात अशीच वाट काढते, आणि दोन्ही बाजूंच्या आवाजात जेवढा फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात बहुधा मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो. सारख्यातून सारखे वजा झाले की शून्य उरते. एका बाजूला झुकलेली वाद्ये तेवढी वाचतात. ज्यांना १९५०-६०ची चित्रपटगीते आवडतात त्यांची गत याहून वाईट. ती एकाच मार्गिकेवर मुद्रित झालेली असल्यामुळे दोन्ही कानांत तंतोतंत सारखी असतात. म्हणून गायिकेबरोबर साजिंदेही जवळजवळ नाहीसे होतात. मुलाखत घेणाऱ्याचा आवाजही असाच दोन्ही कानांना सारखा येतो, तेव्हा तोही विहिरीच्या तळातून आल्यासारखा भासतो. पिन शेवटची 'टक्' ऐकू येईपर्यंत दाबावी. तरीही तसेच वाटले तर तारेवरचे बोलण्याचे बटण दाबून पाहावे. बटण दाबताच आवाज स्वच्छ झाला, तर पिनेतील मायक्रोफोनचा व परतीचा भाग या लॅपटॉपच्या दृष्टीने उलटे आहेत असे समजावे. त्यासाठीही जोडतार मिळते.

कोकणच्या पावसाळ्याचा वाटा येथे सांगायला हवा. चार महिने हवा ओलसर. कपाटातले कपडे जेथे कोरडे राहत नाहीत तेथे धातूच्या पिनेवर बारीक मळ चढला तर नवल नाही. खरखर येते, एक कान जातो, पिन फिरवली की परत येतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून, कोरड्या फडक्याने पिन पुसून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. घर्षणाने मळ निघतो. भोकात कापसाचे धागे साचले असतील तर लाकडी दातकोरणीने अलगद काढावेत. टाचणी, सेफ्टी पिन, खोबरेल तेल यांना बंदी. तेलाने कुलूप सुटते म्हणून जॅकही सुटेल हा समज चुकीचा आहे.

एकच कान वाजत असेल तर हेडफोन उलटा घालावा, डावा उजव्यावर. शांतता दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष यंत्रात. शांतता त्याच कानात मुक्काम करून राहिली तर रोह्याला जरूर जावे, पण इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे!

यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण होते. आजोबांना एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर हेडफोनवर त्यांना अर्धेच नाट्यपद मिळते. दुसऱ्या बाजूचा ऑर्गन त्यांच्यापुरता वाजलेलाच नसतो, आणि भिडस्त माणूस तक्रारही करत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या विभागात 'ऑडिओ'खाली 'मोनो' नावाचा खटका आहे. तो लावला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन प्रत्येक कानात सगळा येतो. दिवाळीला घरी गेलेल्या नातवाने हे दोन मिनिटांत करून द्यावे.

बिनतारी हेडफोनचे एक निराळेच दुखणे आहे. गाणे छान वाजते, पण मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. ब्लूटूथ गाण्यासाठी एक रीत वापरते आणि बोलण्यासाठी दुसरी. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक हेडफोन दुसऱ्या, हलक्या रीतीवर उतरतात. यावर उपाय म्हणजे ऐकायला हेडफोन ठेवावा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपच्या अंगचा निवडावा.

सतत 'हूंऽऽ' असा गुणगुणाट असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. गुणगुणाट थांबला तर बहुधा दोष घराच्या अर्थिंगमध्ये. तीन पिनांचे सॉकेट भिंतीवर असते, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच जोडलेली नसते. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. आवाजापेक्षा जिवाच्या दृष्टीने ते निकडीचे आहे. साध्या, जुन्या इन्व्हर्टरवर घर चालू असतानाही असा आवाज येतो. वीज परत आली की तो जातो.

आणि आईचा सल्ला? बंद करून चालू करण्याचा? तो हसण्यावारी नेऊ नका. ध्वनीचा कारभार पाहणारा ड्रायव्हर नावाचा जो प्रोग्रॅम असतो, तो कधीकधी अडकून बसतो व लॅपटॉप पुन्हा सुरू करताच शुद्धीवर येतो. फक्त अकराला पाच कमी असताना हा प्रयोग करू नये; नेमके तेव्हाच विंडोजला अपडेट घ्यायची बुद्धी होते. पाच मिनिटे उरली की दुरुस्ती थांबवावी, हेडफोन काढून ठेवावा, पंखा बंद करावा आणि लॅपटॉपच्याच स्पीकरवर बोलावे. तेही मुके असतील तर मुलाखतीचा दुवा मोबाईलवर उघडावा.

मुलाखत आटोपल्यावर, तार पिनेजवळ तुटली आहे असे ठरले तर ती दुरुस्त होते. मात्र घरी कैची चालवू नये. आतल्या केसासारख्या तारांवर रोगणाचा थर असतो. तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि घरगुती दुरुस्त्या बहुधा तेथेच फसतात. दुकानात हेडफोन देताना "चालत नाही" एवढेच म्हणू नये. एका चिठ्ठीवर लिहून द्यावे: दुसऱ्या यंत्रावर वाजतो की नाही, कोणता कान जातो, पिन फिरवल्यावर येतो का, चार्जर काढल्यावर काय होते. अशी चिठ्ठी हाती पडली की दुरुस्तीवाला अंदाजाने उघडझाप करत बसत नाही, आणि निडीची परतीची गाडीही चुकत नाही.